उद्घाटन होईपर्यंत हात लावू नये

पुलाखाली पुन्हा ट्रॅक्टर धुवायला लागलेत. पाऊस उघडला, ऊन परत तिखट झालं, आणि ओढ्यात गुडघाभर पाणी आहे तोवर प्रत्येकाला आपली गाडी चकचकीत करून घ्यायची असते. केजहून गावाकडे जाणारी जीप तिथं हळू होते. मी खिडकीशी बसलेली असते. चाकं घासून झाली, बॉनेटवर झेंडूची माळ चढली, की शेवटी ड्रायव्हरच्या डोक्यामागं स्पीकर बसवतात. कपाटाच्या दाराएवढे. ते चालू झाले की जीपची काच थरथरते, मांडीवरची डब्याची पिशवी थरथरते, शेजारची म्हातारी कानावर पदर ओढते आणि जीपवाला म्हणतो, "निघाली बगा गाडी कारखान्याला."

दसरा झाला की आमच्याकडे अर्धं गाव ऊस तोडायला जातं. या ऋतूला पंचांगात नाव नाही, पण त्याचे वास ठरलेले आहेत. लोहाराकडे कोयत्याला धार लावताना उडणारा जळका वास. अंगणात वाळत टाकलेल्या गोधड्यांचा. डब्यात दाबून भरलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा. मी जन्मापासून केजमध्ये राहते, तरी हा ऋतू मला माहीत नव्हता. आमच्या इंग्लिश मीडियमच्या स्कूलबसला पडदे होते.

मागच्या वर्षीपासून हा ऋतू जवळ आला की मला राग येतो. रागावणं मला नीट जमत नाही. कुणाशी मोठ्यानं बोलायचं म्हटलं की माझे कान गरम होतात आणि मी बॅगेची चेन उघडत-लावत बसते. माझी मावशी म्हणते, "हिच्या तोंडात जीभ दिलीय का नाही देवानं?" दिली आहे. म्हणूनच लिहिते आहे.

आमच्या भागात पाण्याची टंचाई असेल, आवाजाची कधीच नाही. देवळावर भोंगा आहे. नारायणगडाच्या दर्शनाला निघालेल्या टेम्पोवर भोंगा आहे. पुढाऱ्याचा वाढदिवस असला की डीजे येतो, त्याच्या मुलाचा असला तरी येतो, आणि तो वाजताना घराच्या भिंतीवरची पाल खाली पडते, हे मी पाहिलं आहे. आवाज मोठा करायची सगळी यंत्रं आमच्याकडे आहेत. गाणं शिकायला मात्र काही नाही. शाळेच्या वेळापत्रकात 'संगीत' असतं, आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला. त्या तासाला मुलं मैदान झाडतात.

माझ्या शाळेत तसं नव्हतं. गालिचा घातलेली खोली होती, प्रत्येकीला कीबोर्ड होता, पट्ट्यांवर इंग्रजी अक्षरांचे स्टिकर होते. 'सा' म्हणायला मी फार उशिरा शिकले. माझ्यासाठी तो आधी 'सी' होता. त्या खोलीत मी कधी कुणाशी बोलले नसेन, पण वाजवायचे. न बोलता खोलीत असता येतं, हे मला त्या पट्ट्यांनी शिकवलं. त्याची किंमत तेव्हा कळली नाही. आमच्या शाळेत ते खिडकीसारखं होतं, असतंच.

मग एका संस्थेच्या उपक्रमातून मला डोंगराकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत संगीत शिकवायला पाठवलं. पत्र्याची शाळा, समोर हातपंप, एक कडुलिंब. पहिल्या दिवशी मी वर्गाला "शांतता राखा" म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. मागून एकजण म्हणाला, "मॅडम पुस्तकावानी बोलत्यात." खरं होतं. मी फळ्याकडे वळले आणि सा लावला. मागं हसू थांबलं. पुढच्या ओळीतून कुणीतरी तोच सा धरला, माझ्यापेक्षा स्वच्छ, आणि सोडलाच नाही. मी वळून पाहिलं. सहावीतली एक मुलगी, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली, डोळे मिटलेले. तिचं नाव मनीषा.

गोड गळा वगैरे म्हणतात तसा तो नव्हता. दोन शेतांपलीकडे हाक पोचवायची सवय असलेला आवाज होता. उंच, सरळ, कडेला जरा खरबरीत. त्याची पट्टी पेटीवरची काळी चार. पण हे मला कसं कळलं, तर माझ्या फोनमधल्या तंबोऱ्यावरून. तंबोरा फोनमध्ये, फोन माझ्या हातात, आणि हातपंपावर कुणी पाणी काढायला लागलं की तंबोरा ऐकूच यायचा नाही.

आणि मग खोकं आलं.

संस्थेनं पाठवलेलं. आत कीबोर्ड, ढोलकी, झांजा, माईक, एक गोल स्पीकर आणि गाणं शिकवणारं अॅप भरलेला टॅब. टेम्पोतून उतरवताना थर्माकोलची कुरकुर झाली तशी मुलं वर्गातून धावत बाहेर आली. मनीषानं खोक्यावर छापलेल्या चित्रातल्या पट्ट्यांवर बोटं ठेवली आणि एक एक दाबून पाहिली. चित्रच ते. तरी तोंडानं ती सूर म्हणत होती.

"अय, सरका मागं!" हेडसर ओट्यावरून ओरडले. "कुणी हात लावायचा न्हाई. आधी उद्घाटन."

खोकं पोषण आहाराच्या तांदळाच्या खोलीत ठेवलं. दारावर पेंटरकडून 'संगीत कक्ष' असं लिहून घेतलं, निळ्या अक्षरात, खाली वीणेचं चित्र. आत तांदळाची पोती, तेलाचे डबे आणि ते खोकं. रोज सकाळी खिचडीवाल्या मावशी दार उघडायच्या, तांदूळ काढायच्या, आणि मी खोकं बघून यायचे. चिकटपट्टी तशीच्या तशी.

ही आमची रीत आहे. नवी वस्तू नवीच राहिली पाहिजे. सोफ्यावरचा प्लास्टिकचा कागद आम्ही वर्षानुवर्षं काढत नाही, रिमोट पिशवीत गुंडाळून ठेवतो. घरात हे चालतं. फार तर घामानं पाठ चिकटते. शाळेत चालतं तेव्हा त्या प्लास्टिकच्या आत एक अख्खी इयत्ता गुदमरते. वस्तू आली, फोटो निघाला, फीत कापली, की काम झालं. ती कुणी वाजवली का, हे कुणी विचारत नाही. वाजवली तर झिजते, आणि झिजली तर मात्र सगळे विचारतात.

हेडसर वाईट नव्हते. एकदा मी धीर करून म्हणाले, "सर, खोकं उघडून नुसतं शिकवायला सुरुवात करू का? उद्घाटनाच्या आधी परत बंद करते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, मागच्या शाळेत उद्घाटनाआधी कॉम्प्युटर चालू केल्ता म्या. पोरं खुश झाली, मी बी. पाहुणे आले तर म्हणले, हे तर वापरलेलं हाय. त्याच साली माझी बदली झाली हितं, डोंगरात. आता हितून कुठं पाठवतील?" मला त्यांच्या भीतीची कीव आली आणि त्याच वेळी रागही आला. भ्यालेला माणूस मुलांना आणखी काय शिकवणार?

उद्घाटक ठरले होते नानासाहेब. आमच्या भागातले मोठे बागायतदार, पुढारी. त्यांचे चुलतभाऊ बापूसाहेब दुसऱ्या गटाचे. दोघं एकमेकांच्या मांडवात पाय ठेवत नाहीत. नानासाहेबांची तारीख मिळाली की कार्यक्रम. तोवर मला काम दिलं, स्वागतगीत बसवायचं.

स्वागतगीत. शाळेत संगीत कशासाठी असतं याचं खरं उत्तर त्या एका शब्दात आहे. वर्षभर मुलांनी गायचं नाही, पाहुणे आले की गायचं. "या हो या, नानासाहेब, शाळा वाट पाहते." ओळ हेडसरांचीच, प्रत्येक कडव्याच्या शेवटी परत नाव. मी ती चालीत बसवली. मनीषा पुढं, बाकीच्या मुली मागं. वऱ्हांड्यात तालमीला ती 'वाट' या शब्दावर आवाज असा लांबवायची की हातपंपावरच्या बायका दांडा सोडून ऐकत उभ्या राहायच्या. हेडसर म्हणाले, "मॅडम, तयारी ग्रुपवर टाका, म्हंजे मला वर दाखवता येईल." मी फोनवर रेकॉर्ड करून त्यांना पाठवलं. त्यात मधेच हातपंपाचा खणखण आवाज आला होता. तो मला आवडला, म्हणून परत केलं नाही.

पहिली तारीख पोळ्यानंतरची होती. ती गेली. मग घटस्थापना. मग दसऱ्याची. दर वेळी रांगोळी, दर वेळी मुली इस्त्रीच्या फ्रॉकात दारात उभ्या, दर वेळी फोन यायचा आणि हेडसर म्हणायचे, "साहेब अडकलेत." कुठं अडकले ते कळायचं नाही. मुली घरी जाऊन फ्रॉक काढून ठेवायच्या. आणि लोहाराच्या भट्टीपुढची रांग रोज वाढत होती.

तालमीनंतर मनीषानंच सांगितलं, खाली मान घालून. "मॅडम, आमची बी गाडी हाय. दिवाळीच्या आत."

मी तिच्या घरी गेले. माय कोयत्याच्या मुठीला चिंधी गुंडाळत बसली होती. मला पाहून तिनं पोतं झटकून पुढं टाकलं. "बसा बाई. च्या ठिवते." मी बसले आणि बशीत चहा ओतून घेतला. शेवटी तिनंच विचारलं, "पोरीला ठिवा म्हणाया आलात ना?"

"हो."

"ठिवते की. हिची आत्या हाय गावात, एकटी हाय. पर नुसती पोरगी ठिवून काय करू? दिवाळी झाली की शाळंत मास्तर एक, पोरं चार. दिसभर गावात हिंडायची, आत्याच्या जिवाला घोर. तिकडं फडावर कोपीत आसली तर ल्हानग्याला बगती, भाकरी टाकती, माझ्या डोळ्यापुढं ऱ्हाती." तिनं चिंधीची गाठ दातानं आवळली. "तुमची ती गाण्याची शाळा चालू झाली, रोज सांजपर्यंत पोरगी तितं गुतली, तर ठिवते. माझा शब्द हाय. पर आदी चालू करा. होईल, होईल, यावर म्या लेकरू न्हाई ठिवणार."

एवढं सोपं होतं. खोकं उघडायचं, वर्ग सुरू करायचा, मुलगी गावात राहणार. तिला कुणाचं भाषण नको होतं, योजना नको होती. मी तशीच शाळेत आले, हेडसरांना सगळं सांगितलं. माझ्या हिशेबानं मी इतकं सलग कधीच कुणाशी बोलले नव्हते. ते ऐकत होते, मान हलवत होते, मग म्हणाले, "लई चांगलं हाय. साहेबांची तारीख मिळू द्या फकस्त."

साहेबांची तारीख मिळाली नाही. ऊसतोडीच्या मुकादमाची मिळाली.

दुपारी गाडी लागली. ट्रॉलीत कोप्यांच्या ताट्या, ताट्यांवर गोधड्या, गोधड्यांवर माणसं. डालग्यात कोंबड्या. मनीषा भावाला मांडीवर घेऊन पाण्याच्या ड्रमला टेकून बसली होती, तोच इस्त्रीचा फ्रॉक घालून. मला पाहून हसली, हात हलवला. काहीतरी म्हणाली. तेवढ्यात ड्रायव्हरनं स्पीकर लावला. तिचे ओठ हलताना दिसले, बास. ती काय म्हणाली ते मी नंतर विचारलं तेव्हा तिला आठवत नव्हतं.

ऋतू बदलला की पानं गळतात असं पुस्तकात असतं. आमच्या शाळेत मुलं गळतात. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा सहावीच्या खोलीत आवाज घुमायला लागला होता. रिकाम्या खोलीत घुमतो तसा. माझ्या गाण्यात मागं म्हणणाऱ्या मुली उरल्या होत्या, पुढची गेली होती. खेळायला गेलेल्या कुणाची तरी वाट बघावी तशा त्या पहिली ओळ आली की थांबायच्या.

आणि मग, थंडी पडल्यावर, उद्घाटन झालं. निदान तसं ठरलं. मधल्या काळात शाळा समितीच्या अध्यक्षांनी गट बदलला होता, त्यामुळे पाहुणे बदलले. नानासाहेबांऐवजी बापूसाहेब आले, गाड्यांच्या रांगेसह. मांडव, खुर्च्या, फेटे. खोकं स्टेजवर आणून ठेवलं, त्यातून स्पीकर आणि कीबोर्ड तेवढे बाहेर काढले, कीबोर्ड मांडवाच्या लाईटला जोडला, वरचं प्लास्टिक तसंच. खोक्याभोवती लाल फीत. मी मुलींना घेऊन बाजूला उभी होते. त्यांना मी नवं नाव घालून तयार केलं होतं. 'नानासाहेब' काढून 'बापूसाहेब' म्हणायचं, चालीत काहीच बदलत नव्हतं. गाणाऱ्या माणसाला त्यासाठी एक श्वास पुरतो.

पण हेडसर घाईनं आले. "मॅडम, पोरींचा आवाज बारीक पडतो. नुसते ओठ हलवू द्या. म्या स्पीकरवर लावतो, तुमीच पाठवलेलं, झकास हाय." मी "सर, त्यात..." म्हणेपर्यंत ते स्टेजवर चढले होते.

मनीषाचा आवाज आला. सगळ्या मांडवावरून, खुर्च्यांवरून, कडुलिंबावरून. हातपंपाचा खणखण आवाजही आला. "या हो या, नानासाहेब, शाळा वाट पाहते."

आधी एकजण हसला. मग मागून आवाज, "बंद कर बे ते!"

"कुणी लावलं बे?"

"नानाच्या माणसाचं काम हाय हे. मुद्दाम केलंय."

हेडसरांनी लावून दिलेला फोन होता दुसऱ्या एका शिक्षकांच्या खिशात. तो घाईत उघडेना. स्पीकरचा आवाज कमी करायचं बटण कुठंय ते कुणाला माहीत नव्हतं, कारण स्पीकर कुणी कधी वापरलाच नव्हता. मनीषा गातच राहिली. दुसरं कडवं झालं, परत नानासाहेब. बापूसाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी गोठलं होतं, फेटा कपाळावर उतरला होता. त्यांची माणसं खुर्च्या ढकलत पुढं आली. अध्यक्ष हात जोडून उभे. आणि मुली, बिचाऱ्या, सांगितलं होतं म्हणून ओठ हलवत होत्या. त्यांचे ओठ बापूसाहेब म्हणत होते, आवाज नानासाहेब.

बायकांत बसलेली एक मोठ्यानं म्हणाली, "काही म्हणा, पोरगी झ्याक गायलीय. कुणाची हाय?"

"आमच्या भावाची," मनीषाची आत्या म्हणाली. "हितं न्हाई ती. ऊसात हाय."

"गप बस म्हातारे," कुणीतरी म्हणालं. "हितं इज्जतीचा सवाल हाय."

शेवटी कुणीतरी स्पीकर उचलून पोत्यात गुंडाळला. हेडसर माईकवर म्हणाले, "तांत्रिक अडचणीबद्दल क्षमस्व." मग त्यांची नजर कीबोर्डवर गेली. प्लास्टिकवरूनच त्यांनी एक बटण दाबलं. ते डेमोचं होतं. कीबोर्ड आपोआप वाजायला लागला, परदेशातलं काहीतरी, ढोल-बासरी-व्हायोलिन सगळं एकदम. मांडवातली माणसं सुटल्यासारखी झाली. बापूसाहेबांनी पुढं होऊन एका पट्टीवर बोट ठेवलं, फोटो निघाला, लोकांनी ठेक्यात टाळ्या वाजवल्या. त्या फोटोत सगळं आहे: पुढारी, कीबोर्ड, फेटे, टाळ्या. वाजवणारं कुणी नाही.

मग गाड्या निघून गेल्या, फीत न कापताच.

नंतर कितीतरी दिवस त्या नावावरून गावात धुसफूस चालली. चुकीचं नाव कुणी घातलं, कुणी लावलं, कुणाच्या सांगण्यावरून. मलाही बोलावलं. हेडसर म्हणाले, "मॅडम, त्यात नानासाहेबांचं नाव कावून होतं?"

"तुम्हीच लिहून दिलं होतं, सर."

नाव कुणाचं चुकलं यावर एवढी माणसं बोलली. जिचा आवाज सगळ्यांनी ऐकला, तिचं नाव त्यांच्यातल्या एकानंही घेतलं नाही. तिला तिथून कुणी घालवलं, हा प्रश्न तर कुणाच्या मनातही आला नाही. आणि ज्याची वाट पाहण्यात ती गेली, त्याच्याच स्वागताला तिचा आवाज, तोही चुकीच्या माणसापुढं! हे आठवलं की आजही माझ्या हाताच्या मुठी होतात. एखाद्या लेकराला शिकवायचं नाही, पण त्याचा आवाज वापरून घ्यायचा. ऊस तोडायला पाठवायचं आणि गाणं ठेवून घ्यायचं. याला काय म्हणतात ते माझ्या इंग्रजीत नाही आणि माझ्या पुस्तकी मराठीतही नाही.

खोकं नवी चिकटपट्टी लावून परत तांदळाच्या खोलीत गेलं. नारळ फुटला नव्हता, फीत कापली नव्हती, म्हणजे उद्घाटन झालंच नव्हतं. हात लावायचा नाही, तो नाहीच. टॅब एकदा मी चार्जिंगला लावून पाहावा म्हणाले, तर कळलं की त्यात शिरायला जो आकडा लागतो तो तालुक्याच्या एका साहेबांच्या फोनवर जातो आणि त्या साहेबांची बदली झाली आहे.

उन्हाळ्यात गाड्या परत आल्या. मनीषा उंच झाली होती, रापली होती. उसाच्या पाचटानं हात चरचरीत कापलेले. आम्ही कडुलिंबाखाली बसलो. मी तिला सगळं सांगितलं. तिला फार मजा वाटली. नानासाहेब-बापूसाहेब ऐकून ती पोट धरून हसली. मग विचारलं, "मॅडम, आन् पेटी कुणी वाजवली?"

"कुणी नाही. ती आपोआप वाजते. बटण दाबलं की."

"आपोआप?" तिनं जरा विचार केला. "मंग आमी कशाला पाहिजेत?"

हसतच म्हणाली. चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

आता परत पुलाखाली ट्रॅक्टर. मागच्या आठवड्यात मी परत तिच्या घरी गेले. मायनं या वेळी पोतं टाकलं नाही. "आलात व्हय? मागल्या साली बी आल्तात, बसल्तात, च्या पिल्तात."

मी उभीच राहिले.

"गाडीची तारीख मला मुकादम सांगतो. बुधवार म्हणला की बुधवार. तुमच्या शाळंला एक तारीख सांगता येत न्हाई?"

"सोमवार," मी म्हणाले. कुणाला विचारलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"सोमवारी म्या येऊन बगते," ती म्हणाली.

सोमवारी जीपमध्ये मी एकच वाक्य मनात घोळवत होते. केजच्या दुकानातून कीबोर्डचे सेल घेतले होते, कारण शाळेत लाईट असेलच असं नाही. खिचडीवाल्या मावशींनी खोली उघडली. मी हस्तकलेच्या डब्यातली कात्री घेतली. हेडसर दारात आले. "मॅडम, दिवाळीनंतर दोन्ही साहेबांना एकत्रच बोलावायचं ठरतंय..."

"सर, मनीषाच्या आईला मी आजची तारीख दिली आहे."

"मला न विचारता?"

"हो."

माझे कान पेटले होते. कात्री बोथट होती, चिकटपट्टी दोनदा ओढावी लागली. ती सुटल्यावर जो आवाज झाला तेवढंच काय ते उद्घाटन. प्लास्टिक काढलं. खाली पट्ट्या पांढऱ्याशुभ्र, वर्षभर कुणाचं बोट न लागलेल्या. एवढंच करायचं होतं. एक बोथट कात्री. यासाठी एका मुलीचा अख्खा हंगाम पाचटात गेला. हेडसर बाहेर मैदानात फोन कानाला लावून रेंज शोधत फिरत होते, काहीतरी समजावत, कपाळ पुसत.

मुलं तांदळाच्या पोत्यांवर चढून बसली. त्यातली निम्मी बुधवारी जाणार होती. ते त्यांना माहीत होतं, मलाही. तरी प्रत्येकाला एकदा पट्टी दाबायची होती. मी काळी चारला सा धरून ठेवला. मोठा, सलग, हातपंपाच्या वर ऐकू जाईल असा.

माय दारात आली तेव्हा तिच्यामागं मनीषा होती. आत यायला दोघी तयार नव्हत्या. मायनं खोलीकडे पाहिलं, पोत्यांवरच्या मुलांकडे, मैदानातल्या हेडसरांकडे, आणि मग माझ्याकडे.

"हे रोज चालू ऱ्हाईल, का आजच्या दिसाचं?"

"मी आहे तोवर रोज."

"आन् तुमी कवापर्यंत हाय?"

खरं उत्तर मला माहीत नव्हतं. मैदानातल्या त्या फोनवर काय ठरेल, मला उद्या येऊ देतील की नाही, काहीच माहीत नव्हतं. मी सूर धरूनच ठेवला. "तुमचा कारखाना बंद होईपर्यंत तरी हटत नाही," मी म्हणाले. "काढलं तर ओट्यावर बसून शिकवीन."

तेवढ्यात मनीषा तिच्या हाताखालून आत सरकली, पोत्याला गुडघा टेकून बसली आणि माझ्या बोटाशेजारच्या पट्टीवर आपलं कापलेलं बोट ठेवलं. दाबलं नाही. आईकडे पाहिलं.

मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि परत निघाली. ओट्याच्या पायरीवरून, मागं न बघता म्हणाली, "जाता जाता आत्याला सांगते, औंदा भाकर जास्तीची टाक."